मधल्या पायऱ्यांची चित्रे

मराठवाड्यातल्या जुन्या किराणा दुकानात लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी एक जोडचित्र हमखास दिसे. एका बाजूला उधार विकणारा दुकानदार: गाल बसलेले, कपाळाला हात, तिजोरी रिकामी, पायाशी उंदीर खेळताहेत. दुसऱ्या बाजूला रोख विकणारा: पोट सुटलेले, खुर्चीत रेललेला, मागे नोटांनी भरलेली तिजोरी. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा तालुक्यात जवळा बाजार हे मोंढ्याचे गाव आहे. अशा गावात हे चित्र सगळ्यांना न वाचता कळते. गंमत म्हणजे स्पेन आणि लॅटिन अमेरिकेतल्या दुकानांतही याच धाटणीची चित्रे लागत आली आहेत. तिथेही रडणारा उधारवाला आणि हसणारा रोखवाला असतोच.

चित्र सोपे आहे, चटकन हसू आणते आणि उपदेशही करते. मात्र त्यात दोन गोष्टी नाहीत. पहिली, धडधाकट दुकानदार त्या उंदरांपर्यंत पोचला कसा, हे त्यात दिसत नाही. दुसरी, ज्याने उधार नेले तो माणूसच चित्रात नाही. जवळा बाजारच्या पट्ट्यात हळदीचे बेणे जूनच्या सुमारास जमिनीत जाते. हळद निघून, शिजून, वाळून तिची पट्टी हातात पडायला पुढचा मार्च-एप्रिल उजाडतो. मधले नऊ-दहा महिने खत, औषध, तेल, साखर, पोरांच्या वह्या या सगळ्यांचा हिशेब दुकानदाराच्या वहीत चढत राहतो. केवळ रोखीने विकायचे ठरवले तर इथले दुकान पहिल्याच पावसाळ्यात बंद पडेल. दुकानदाराला हे पक्के ठाऊक असते आणि तरीही तो चित्र लावतो, कारण ते गिऱ्हाइकाने पाहावे म्हणून लावलेले असते. चित्र गल्ल्याच्या बाजूने काढलेले आहे.

बोधचित्रांचा सगळा प्रश्न या एका चित्रात सापडतो. चित्राने माणसाला शहाणपण शिकवायचे असेल तर नुसती दोन टोके दाखवून भागते का, की त्यांच्यामधल्या पायऱ्या दाखवाव्या लागतात? पायऱ्या दाखवायच्या तर त्या कोणाच्या बाजूने? या प्रश्नाचा सर्वांत कसून विचार अठराव्या शतकातल्या एका इंग्रज चित्रकाराने केला, म्हणून आढाव्याची सुरुवात त्याच्यापासून केलेली बरी.

लंडनचा कर्जबाजारी बाप आणि त्याचा मुलगा

विल्यम होगार्थ 1697 मध्ये लंडनमध्ये जन्मला. बाप शाळामास्तर होता. त्याने लॅटिनमध्ये संभाषण चालणारे कॉफीगृह काढले, ते बुडाले आणि कर्जापायी त्याला फ्लीट तुरुंगाच्या हद्दीत काही वर्षे काढावी लागली. होगार्थच्या चित्रांत सावकार, तारणावर पैसे देणारे दुकानदार, वॉरंट घेऊन आलेले शिपाई आणि कर्जदारांचे तुरुंग पुन्हा पुन्हा येतात, त्यामागे हे बालपण आहे. तो चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्याकडे उमेदवारीला राहिला. तिथला कोरीव हात पुढे तांब्याच्या पत्र्यांवर चित्रे कोरण्यात कामी आला.

1732 मध्ये त्याने एका खेडवळ मुलीच्या अधःपाताची सहा चित्रे छापून विकली. किंमत एक गिनी, आणि आगाऊ वर्गणी भरणारे हजारावर ग्राहक. राजा किंवा सरदाराच्या आश्रयाखेरीज चित्रकार जगू शकतो, हे त्यातून दिसले. नकलाकारांनी लगेच स्वस्त प्रती काढल्या, तेव्हा होगार्थने इतर कोरक्यांना सोबत घेऊन पार्लमेंटचे दार ठोठावले. कोरीव चित्रांच्या स्वामित्वहक्काचा कायदा 25 जून 1735 रोजी अमलात आला. त्याची पुढची मालिका ‘अ रेक्स प्रोग्रेस’ त्याने त्या दिवसापर्यंत रोखून धरली होती. ही आठ चित्रांची मालिका म्हणजे एका उधळ्याची वाटचाल.

पहिल्या चित्रात टॉम रेकवेलचा कंजूस बाप नुकताच मेला आहे. शिंपी पोराचे माप घेतो आहे, मागे वकील हळूच नाणी लांबवतो आहे, आणि बापाने बुटाला तळ लावायला बायबलच्या वेष्टनाचे चामडे कापलेले दिसते. टॉमने लग्नाचे वचन देऊन फसवलेली सेरा दारात रडते आहे, आणि टॉम तिची बोळवण पैशांवर करतो आहे. पुढे नृत्यशिक्षक, तलवारबाजीचा गुरू, उद्यानरचनाकार यांचा गराडा पडतो. मग दारूचा अड्डा. मग भर रस्त्यात कर्जाचे वॉरंट, आणि सेराच स्वतःच्या थैलीतून पैसे भरून त्याला सोडवते. पैशासाठी तो एका म्हाताऱ्या, एकाक्ष बाईशी लग्न करतो. मग जुगार. इतका की खोलीला आग लागली तरी कोणाचे लक्ष नाही. शेवटी कर्जदारांचा तुरुंग, आणि आठव्या चित्रात बेडलमचे वेड्यांचे इस्पितळ. तिथे दोन नटव्या बायका वेडे बघण्याची करमणूक करायला आल्या आहेत.

या शेवटच्या दोन बायकांमुळे मालिका उपदेशाच्या पलीकडे जाते. गिनी मोजून ही चित्रे विकत घेणारा आणि दिवाणखान्यात लावून पाहुण्यांना दाखवणारा वर्ग तोच आहे. होगार्थने त्यालाच चित्रात आणून बसवले. टॉम बिघडला हे खरे, पण त्याच्या प्रत्येक पायरीवर कोणीतरी कमावले: वकिलाने, शिंप्याने, मद्यगृहाने, जुगारअड्ड्याने. ‘बिघडू नका’ एवढा उपदेश एका चित्रात मावला असता. बिघडणे हा कोणाकोणाचा धंदा आहे, हे सांगायला आठ लागली.

‘मॅरेज आ-ला-मोड’ (1743–45) ही सहा चित्रांची मालिका याहून सरस आहे. कर्जात बुडालेला सरदार आपली वंशावळ दाखवतो आणि श्रीमंत व्यापारी करारनामा वाचतो. वधूवर एकमेकांकडे पाठ करून बसले आहेत, आणि खाली दोन कुत्री एकाच साखळीला बांधलेली. पुढे खून, फाशी आणि आत्महत्या होते, पण खलनायक कोण ते सांगता येत नाही. सौदा पहिल्या चित्रातच झालेला असतो आणि उरलेली पाच चित्रे त्या सौद्याची वसुली आहेत.

होगार्थ घसरतो तेव्हा

सगळा होगार्थ एका तोलाचा नाही. 1747 मधली ‘इंडस्ट्री अँड आयडलनेस’ ही बारा चित्रांची मालिका त्याने उमेदवार पोरांसाठी काढली आणि 12 शिलिंगांना संच, म्हणजे स्वस्तात विकली. एकाच मालकाकडे मागावर बसणारे दोन उमेदवार. एक कामसू, तो मालकाच्या मुलीशी लग्न करून शेवटी लंडनचा नगराध्यक्ष होतो. दुसरा आळशी, तो फाशी जातो. मधल्या एका चित्रात पहिला न्यायाधीश म्हणून बसलेला आणि दुसरा आरोपी म्हणून पुढे उभा. रचना चोख आहे, पण पायऱ्यांची संख्या बारा असली तरी मूळ चित्र उधार-रोखीचेच. पहिल्या चित्रात एक झोपलेला आणि एक जागा, एवढे पाहिले की शेवटचे चित्र न पाहता सांगता येते. मालक कामगारांना देण्यासाठी मालिका विकत घेतो, तेव्हा मालकाचे काही चुकत नाही.

उलट 1751 मधले ‘बीअर स्ट्रीट’ आणि ‘जिन लेन’ हे जोडचित्र दिसायला दोन टोकांचे, पण आतून वेगळे आहे. जिनच्या गल्लीत झिंगलेल्या आईच्या हातून मूल कठड्यावरून खाली पडते आहे. ते दृश्य लोकांच्या कायमचे लक्षात राहिले. पण त्याच चित्रात सुतार करवत आणि गृहिणी स्वयंपाकाची भांडी तारण ठेवायला आली आहे, आणि गल्लीत सुस्थितीत आहे तो तारणवाला. शेजारच्या बीअरच्या रस्त्यावर नेमके त्याचेच घर मोडकळीला आले आहे. ज्या हत्याराने रोजी मिळवायची ते हत्यारच गहाण पडते, ही मधली पायरी होगार्थने एका कोपऱ्यात दाखवली. त्याच वर्षी जिनच्या विक्रीवर निर्बंध आणणारा कायदा झाला. चित्रांनी कायदा आणला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, पण त्या वर्षीच्या चळवळीत ती होती.

होगार्थनंतर इंग्रजी कलेत ही परंपरा रोडावली, तुटली मात्र नाही. गिलरे आणि रोलंडसन यांनी व्यंग राजकारणाकडे आणि प्रवासाकडे नेले. 1847 मध्ये जॉर्ज क्रुकशँकने ‘द बॉटल’ ही दारूबाज कुटुंबाची आठ चित्रे काढली. ती अफाट खपली आणि लगोलग रंगभूमीवर आली. पण तिथे पहिल्या पेल्यापासून वेडापर्यंतची उतरण सरळ आहे, आणि वाटेत कोणी कमावताना दिसत नाही. व्यंग गेले, उपदेश उरला. विसाव्या शतकात डेव्हिड हॉकनीने रेकची वाटचाल स्वतःच्या न्यूयॉर्क-प्रवासावर बेतली, स्ट्राव्हिन्स्कीने 1951 मध्ये तिचा ऑपेरा केला, आणि 2012 मध्ये ग्रेसन पेरीने सहा मोठ्या विणपटांत आजच्या इंग्लंडमधल्या वर्गभेदाची तशीच कथा सांगितली.

आपल्याकडे चित्राशेजारी माणूस उभा होता

चित्रांच्या ओळीतून नीती सांगणे आपल्याला नवे नव्हते. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाची कथा भिंतभर पसरली आहे, आणि त्याच लेण्याच्या ओसरीत भवचक्राचे अवशेष आहेत. गावोगावच्या वेशीवर उभे वीरगळ म्हणजे दगडातली मालिकाच. खालच्या चौकटीत लढाई, वर अप्सरांनी नेलेला वीर, त्याच्या वर शिवपूजा. वाचायचे खालून वर. बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त भर बाजारात पोरांच्या घोळक्यात उभा राहून यमाचा पट दाखवणारा माणूस येतो, आणि ‘मुद्राराक्षसा’त चाणक्याचा हेर याच वेषात फिरतो. म्हणजे तेव्हा हे दृश्य इतके नेहमीचे होते की त्या वेषात हेर लपू शकत असे.

महाराष्ट्रात ही परंपरा चित्रकथीने जपली. पैठणमध्ये सापडल्यामुळे पैठण शैली म्हणून ओळखली जाणारी मोठ्या डोळ्यांची चित्रे आणि सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या पोथ्या हे तिचे दोन ठळक पुरावे. सुट्या कागदांवर चित्रे, दोन कागद पाठीला पाठ चिकटवलेले, एका आख्यानाची एक पोथी. वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीवर कथेकरी एकेक पान समोर धरतो आणि आख्यान पुढे सरकते. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा कोकणाबाहेरच्या पुष्कळांना ही कला पहिल्यांदा कळली.

होगार्थ आणि चित्रकथी यांच्यातला मुख्य फरक असा की होगार्थचे चित्र एकटे असते. जे सांगायचे ते कोपऱ्यातल्या कुत्र्यापासून बुटाच्या तळापर्यंत सगळे त्यातच कोंबावे लागते. चित्रकथीचे पान त्या मानाने मोकळे, कारण मधली पायरी कथेकरी भरतो. समोर कोण बसले आहे ते पाहून तो टोमणा मारतो, गावातले उदाहरण देतो, एखाद्या पानावर रेंगाळतो. व्यंग त्याच्या तोंडी असते. म्हणून संग्रहालयात काचेआड ठेवलेली पाने आपल्याला सुंदर दिसतात, पण बोचत नाहीत.

व्यंगातून बोध देणारे दृश्य मात्र औंढ्याच्या परिसरात फार जुने आहे. नामदेव गुरूच्या शोधात औंढा नागनाथला आला, तेव्हा विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून निजला होता, असे परंपरा सांगते. नामदेव रागावला. विसोबा म्हणाला, जिथे देव नसेल तिथे माझे पाय ठेव. पाय उचलून ठेवावेत तिथे लिंग. कीर्तनांनी हे दृश्य घरोघरी नेले. आधी हसू येते, मग नामदेवाचा राग, मग त्याची फजिती, आणि शेवटी ऐकणाऱ्याची. यात पायऱ्या आहेत आणि शेवटची पायरी श्रोत्याच्या अंगणात येते.

छापखाना आला, मालिका आली नाही

1878 मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा सुरू केली. 1894 मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत निघाला आणि पुढे मळवलीला गेला. स्वस्त रंगीत चित्रे पहिल्यांदाच सामान्य घरांच्या भिंतींवर चढली. होगार्थला लागला तसा बाजार इथे तयार झाला होता, पण छापले गेले ते देव, पौराणिक नायिका आणि इतिहासातले वीर. नीतीच्या नावाने खपले ते ‘करणी तशी भरणी’ प्रकारचे नरकाचे तक्ते. खोटे बोलणाऱ्याची जीभ उपटली जाते, कमी मापणाऱ्याला कढईत टाकतात. पाप आणि शिक्षा एकाच चौकटीत, मधले काही नाही.

व्यंगचित्र वेगळ्या वाटेने आले. 1854 पासून मुंबईत ‘पारशी पंच’ निघाला, तोच पुढे ‘हिंदी पंच’ झाला. लंडनच्या ‘पंच’चे हे वारस राजकारणावर भर देणारे आणि एका चित्रात विषय संपवणारे. मराठीत सामाजिक व्यंगचित्राला खरे बळ शं. वा. किर्लोस्करांनी दिले. 1920 मध्ये सुरू झालेल्या ‘किर्लोस्कर खबर’मधून आणि नंतरच्या ‘किर्लोस्कर’ मासिकातून त्यांनी बुवाबाजी, रूढी आणि अंधश्रद्धा यांना कुंचल्याने झोडपले. 1960 मध्ये ‘मार्मिक’ आले, शि. द. फडणीसांनी निःशब्द हास्यचित्राला उंची दिली, वसंत सरवट्यांनी व्यंगकलेवर गंभीरपणे लिहिले. तरी एका माणसाची वाट आठ-दहा चित्रांत चालत नेणारी उपहासाची मालिका मराठीत रुजली नाही.

याचे कारण प्रतिभेच्या अभावात शोधू नये, कारण तीच गोष्ट मराठीत रंगभूमीने केली. इथला मध्यमवर्ग चित्राला नव्हे, नाटकाच्या तिकिटाला पैसे मोजत होता. देवलांचे ‘शारदा’ (1899) हे आपले ‘मॅरेज आ-ला-मोड’ आहे. त्यात लोभी बाप कांचनभट आहे, मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित आहे आणि बोहल्यावर चढायला अधीर झालेला म्हातारा भुजंगनाथ आहे. लग्न जमण्याच्या प्रत्येक पायरीवर कोणाला काय मिळते, ते प्रेक्षक हसत हसत पाहतो. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ गंधर्व मंडळीने 1919 मध्ये रंगमंचावर आणले, लेखकाच्या मृत्यूनंतर महिन्याभराच्या आत. हुशार वकील सुधाकर कोर्टातल्या अपमानाने खचतो, तळीराम पहिला प्याला पुढे करतो, आणि तिथून उतरण सुरू होते. आर्यमदिरामंडळाच्या प्रवेशांत तळीराम आणि मंडळी दारूचे इतके तर्कशुद्ध समर्थन करतात की प्रेक्षक मनोमन पटवून घेतो आणि मग ओशाळतो. होगार्थ जे काम जुगारअड्ड्याच्या गर्दीतून करतो, ते गडकरी इथे करतात.

याच काळात गाडगेबाबा खराटा आणि मडके घेऊन गावोगाव कीर्तन करत होते. कर्ज काढून सण करू नका, हा त्यांचा कायमचा विषय. मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना त्यांनी लहानपणी पाहिली होती. ते सरळ सांगत नसत, प्रश्न विचारत. कर्ज कोणाकडून काढले, त्याला व्याज किती, ते फेडायला काय विकले, असे एकेक उत्तर समोरच्या शेतकऱ्याच्याच तोंडून वदवून घेत. चित्र नव्हते, पण मधल्या पायऱ्यांची मालिका पुरी होती.

भिंतींवरचा बोध

स्वातंत्र्यानंतर नीतीची चित्रे सरकारच्या हाती गेली. कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाशेजारी लहान सुखी कुटुंब आणि पोरांच्या लेंढाराचे दुःखी कुटुंब ही जोडी मराठवाड्यातल्या आरोग्य केंद्रांवर पिढ्यांनी पाहिली. 2000–01 पासून गाडगेबाबांच्याच नावाने ग्रामस्वच्छता अभियान आले आणि गावांच्या भिंती घोषवाक्यांनी रंगल्या. त्या अभियानाने अनेक गावे खरोखर बदलली, पण ते श्रमदानाने आणि गावांच्या चढाओढीने. भिंतीवरच्या चित्राचा त्यातला वाटा थोडा. तंबाखूच्या पुड्यांवर 2009 पासून चित्रे आली आणि 2016 पासून त्यांनी पुडीचा 85 टक्के भाग व्यापला. सडलेला जबडा हे शेवटचे टोक आहे. पहिली पुडी शाळेच्या फाटकाबाहेर कोणी आणि कशासाठी विकली, हे पुडी सांगत नाही.

सरकारी चित्राची अडचण समजण्याजोगी आहे. मधल्या पायऱ्या दाखवायच्या म्हटल्या की त्यावर कोण उभे आहे ते दाखवावे लागते: परवाना देणारे खाते, उत्पादक, दुकान, कर्ज देणारा, भाव पाडणारा. चित्राचे पैसे ज्याने दिले तो त्या पायरीवर असेल, तर चित्र पायरी गाळून शेवटाकडे उडी मारते. किराणा दुकानातले जोडचित्र, मालकाने उमेदवारांना वाटलेली ‘इंडस्ट्री अँड आयडलनेस’ आणि आरोग्य खात्याची भिंत या तिन्ही ठिकाणी दोष पाहणाऱ्याच्या पदरात पडतो. दाखवणारा निर्दोष राहतो. होगार्थच्या चांगल्या मालिकांचे पैसे वर्गणीदारांनी दिले, मराठी नाटकांचे प्रेक्षकांनी आणि चित्रकथीचे श्रोत्यांनी. म्हणून त्यांना पाहणाऱ्यालाही चिमटा काढता आला.

आज होगार्थच्या तोडीचा विषय मराठी चित्रकारापुढे आयता उभा आहे. फोनवर मिनिटात मिळणारे कर्ज, 2025 मध्ये कायद्याने बंदी येईपर्यंत उघड चाललेला ऑनलाइन रमीचा नाद, त्यासाठी मोडलेले बायकोचे मणी, आणि सातबाऱ्यावर चढणारा बोजा हे ऐकायला फार दूर जावे लागत नाही. यावर फास, रिकामे घर, रडणारी बायको अशी चित्रे कोणीही काढील, आणि ती पाहून लोक हळहळून पुढे जातील. खरी परीक्षा पहिल्या चित्राची आहे. पहिल्या चित्रात तो तरुण अजून सज्जनच असला पाहिजे. घरात ओल्या हळदीचा ढीग पडलेला, भाव पडलेला, उन्हाळा तोंडावर, लग्नाची तिथी धरलेली. बाप वहीकडे बघतो आहे, दुकानदार सभ्यपणे मागतो आहे, आडत्या थोडी उचल द्यायला तयार आहे, आणि पोराच्या हातात फोन आहे. या चौघांपैकी कोणीही वाईट नाही. पुढच्या सात चित्रांत प्रत्येकाच्या हाती काय पडते ते दाखवले, आणि त्यात तेव्हा वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर येणारी रमीची जाहिरात वगळली नाही, तरच ती मालिका कामाची.